चर्च कुणाच्या बाजूला उभे राहिले?

८ मार्च १९९२ हा उपवासकाळाचा पहिला रविवार होता. मलावी या आग्नेय आफ्रिकेतल्या छोट्याशा देशात त्या सकाळी सगळ्या कॅथलिक चर्चमध्ये नेहमीचे प्रवचन झाले नाही. त्याऐवजी एक पत्र वाचून दाखवण्यात आले. पत्राखाली देशातल्या सात धर्मप्रमुखांच्या सह्या होत्या. श्रीमंत आणि गरीब यांच्यातली दरी वाढते आहे, दवाखान्यांत औषधे नाहीत, शाळांत मुले दाटीवाटीने बसतात, न्याय सगळ्यांना सारखा मिळत नाही आणि खरे बोलणाऱ्याला भीती वाटते, असे त्यात लिहिले होते. कुणालाही बंड करायला सांगितले नव्हते. पत्रातली प्रत्येक गोष्ट ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक होती. पण हेस्टिंग्ज कामुझू बांडा यांच्या राजवटीत ती इतक्या उघडपणे, देशभर एकाच दिवशी, कुणी बोलून दाखवली नव्हती.

बांडा १९६४ पासून सत्तेवर होते आणि १९७१ पासून तहहयात राष्ट्राध्यक्ष. देशात पक्ष एकच, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि पक्षाचे कार्ड जवळ नसेल तर बाजारात आणि बसस्टँडवरही अडवणूक होई. अशा देशात हे पत्र चर्चने गुपचूप छापले, ठिकठिकाणच्या धर्मगुरूंपर्यंत पोचवले आणि लोकांच्या भाषेत वाचले. पुढच्याच आठवड्यात धर्मप्रमुखांना पोलिसांनी चौकशीला बोलावले. पत्र राजद्रोही ठरले, ते जवळ बाळगणे गुन्हा झाला. सत्ताधारी पक्षाच्या बैठकीत या बिशपांना ठार करण्याची भाषा झाली. सह्या करणाऱ्यांपैकी एक आयरिश होते, त्यांना देशाबाहेर काढण्यात आले. तोवर झेरॉक्स आणि फॅक्सवरून पत्र सगळीकडे पोचले होते. विद्यार्थी रस्त्यावर आले. थोड्या महिन्यांत प्रेस्बिटेरियन चर्चनेही तोंड उघडले. जून १९९३ मध्ये सार्वमत झाले, जवळजवळ दोन तृतीयांश मतदारांनी बहुपक्षीय लोकशाहीच्या बाजूने कौल दिला, आणि मे १९९४ च्या निवडणुकीत बांडा हरले.

यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बांडा स्वतः चर्च ऑफ स्कॉटलंडचे एल्डर, म्हणजे मंडळीचे वडील होते. शिक्षण मिशनचे, वृत्ती धार्मिक, तोंडी बायबल. म्हणजे त्या रविवारी एका बाजूला चर्च आणि दुसऱ्या बाजूला अधर्मी सत्ताधीश, असा सरळ सामना नव्हता. ख्रिस्ती माणसे दोन्हीकडे होती.

या पुस्तकातले सगळे लेख या ना त्या वाटेने त्याच गुंत्याकडे येतात. ख्रिस्ती धर्माने आफ्रिकेचे भले केले की वाईट, हा आपल्याकडे नेहमी विचारला जाणारा प्रश्न मला फार उपयोगाचा वाटत नाही. त्याच्या उत्तरात एक तर शाळा, दवाखाने आणि कुष्ठधाम काढणारा संतवृत्तीचा मिशनरी उभा राहतो, नाही तर साम्राज्यासाठी वाट मोकळी करून देणारा गोरा दलाल. दोन्ही चित्रांना पुरावे आहेत, भरपूर आहेत. पण दोन्ही चित्रांत आफ्रिकी माणूस नुसता घेणारा आहे. कुणी त्याला ज्ञान देतो, कुणी त्याला फसवतो. तो स्वतः काहीच करत नाही. इतिहास तसा नाही. म्हणून विचारायचे ते असे: कोणत्या वेळी, कोणते चर्च, कुणाच्या बाजूला उभे राहिले? आणि तसे उभे राहताना, किंवा न राहताना, त्याने देवाविषयी काय सांगितले? माझ्या मते आफ्रिकेचे ख्रिस्ती धर्मशास्त्र या दुसऱ्या प्रश्नातून जन्मले आहे. ते विद्यापीठांतही लिहिले गेले, पण घडले ते तुरुंगात, शेतात, चर्चच्या बंद दारांमागे आणि न्यायालयात.

आकडा एकच देतो. १९०० साली सगळ्या आफ्रिका खंडात मिळून सुमारे एक कोटी ख्रिस्ती होते. आज ते साठ कोटींच्या वर आहेत, आणि यातली बहुतेक वाढ वसाहती संपल्यानंतरची आहे. गोऱ्यांची सरकारे गेली आणि चर्च वाढले. ते वाढवले गावोगावच्या धर्मशिक्षकांनी, बाजारहाट करणाऱ्या बायकांनी, खाणीत कामाला गेलेल्या आणि सुटीत घरी परतलेल्या मजुरांनी, आणि स्वतःला देवाचे बोलावणे आले असे म्हणणाऱ्या संदेष्ट्यांनी.

त्याहून जुना इतिहास इथे थोडक्यात सांगतो, कारण पहिला लेख त्यालाच वाहिलेला आहे. आफ्रिकेत ख्रिस्ती धर्म युरोपच्या जहाजातून आला, ही समजूत चुकीची आहे. ज्या ऑगस्टीनच्या विचारावर पश्चिमेचे सगळे धर्मशास्त्र उभे आहे, तो आजच्या अल्जीरियातला. त्याच्याआधीचे तर्तुलियन आणि सिप्रियन कार्थेजचे, ओरिजेन आणि अथानेशियस अलेक्झांड्रियाचे. इथिओपियातल्या अक्सूमचा राजा एझाना चौथ्या शतकात ख्रिस्ती झाला आणि त्याच्या नाण्यांवर क्रूस आला. तेव्हा युरोपचा बराचसा उत्तर भाग ख्रिस्ती व्हायचा होता. पंधराव्या शतकाच्या शेवटी काँगोच्या राजाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा मुलगा अफोन्सो याने १५२६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्रे पाठवून तक्रार केली, की तुमचे व्यापारी माझी माणसे पळवून नेऊन गुलाम करताहेत. ख्रिस्ती राजाने ख्रिस्ती राजाला घातलेली ही साद वायाच गेली. त्याच काँगोत किंपा विटा नावाची तरुणी म्हणू लागली, की येशू आपल्याच राजधानीत जन्मला आणि संतही आपल्यासारखेच काळे होते. १७०६ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. आफ्रिकी धर्मशास्त्राची चर्चा विसाव्या शतकापासून सुरू करणाऱ्यांनी निदान या मुलीचे नाव तरी घ्यायला हवे.

आता पुन्हा मलावीकडे येतो, कारण १९९२ च्या पत्राला त्याच मातीत एक पूर्वज होता. जॉन चिलेंब्वे हा बाप्टिस्ट पाळक अमेरिकेत शिकून परतला आणि चिराडझुलूमध्ये त्याने स्वतःचे मिशन उभारले. शाळा, शेती, विटांचे मोठे चर्च. शेजारी मगोमेरो नावाचा अफाट मळा होता. तिथल्या कुळांना जागेच्या बदल्यात वेठबिगार करावी लागे आणि त्यांनी बांधलेली प्रार्थनाघरे आणि शाळा मळ्याचा व्यवस्थापक जाळून टाकी. हा मळा डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या जावयाच्या कुटुंबाचा. ज्या लिव्हिंगस्टनने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जगाला जागे केले, त्याच्याच घरातल्या मळ्यावर हे चालले होते. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि आफ्रिकी माणसांना दुसऱ्यांच्या लढाईत मरायला नेले जाऊ लागले. चिलेंब्वेने वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारले, की ज्यांचा या भांडणाशी संबंध नाही त्यांनी का मरायचे? तो अंक सरकारने रोखला. जानेवारी १९१५ मध्ये त्याने उठाव केला. मळ्याचा व्यवस्थापक मारला गेला. उठाव दोन आठवड्यांत चिरडला गेला, चिलेंब्वेला सरहद्दीजवळ गोळ्या घातल्या गेल्या आणि त्याचे चर्च सुरुंग लावून पाडण्यात आले. आज मलावीच्या नोटांवर त्याचे चित्र आहे. हिंसेचा मार्ग त्याने का धरला, यावर पुस्तकात स्वतंत्र चर्चा आहे. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: बायबल ज्यांनी त्याच्या हाती दिले, त्यांना तो ते इतक्या शब्दशः घेईल असे वाटले नव्हते.

लिव्हिंगस्टनचे नाव निघाले आहे तर मराठी वाचकाला घरच्या एका गोष्टीची आठवण करून द्यायला हवी. नाशिकच्या शरणपूरला चर्च मिशनरी सोसायटीचे आफ्रिकी आश्रयस्थान होते. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमाराने अडवलेल्या गलबतांतून सुटलेली आफ्रिकी मुले-मुली तिथे आणली जात. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकवले जाई. मिशनच्या कागदपत्रांत आणि प्रवासवर्णनांत ही मुले 'नासिक बॉइज' म्हणून ओळखली जातात. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचली जेकब वेनराइट या नाशिकला शिकलेल्या तरुणाने. झाडावर मृत्युलेख कोरला तोही त्यानेच. हृदय त्या झाडाखाली पुरून बाकीचा देह सोबत्यांनी महिनोन्‌महिने पायी चालत किनाऱ्यावर आणला. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत शवपेटीला हात देणाऱ्यांत वेनराइट होता.

ही हकीकत सहसा इथेच, स्वामिनिष्ठेच्या कौतुकावर संपवली जाते. खरी गोष्ट पुढे आहे. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांची वसाहत वसवली गेली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रियरटाउन म्हणू लागले, आणि ती उभी करायला शरणपूरचे आश्रयस्थान चालवलेल्या रेव्हरंड प्राइस यांनाच पाठवण्यात आले. त्यांच्या हाताखाली आणि पुष्कळदा त्यांच्याशिवायही काम केले ते नाशिक-मुंबईत वाढलेल्या आफ्रिकी माणसांनी. पूर्व आफ्रिकेत ते 'बाँबे आफ्रिकन्स' म्हणून ओळखले गेले. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये दीक्षा मिळाली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले, तेव्हा मागे राहिलेला काफिला सुखरूप परत आणला तो जोन्सने. केनियाच्या किनाऱ्यावरचे अँग्लिकन चर्च ज्यांनी रुजवले, त्यांतल्या कितीतरी जणांचे बालपण गोदावरीच्या काठी गेले होते. नाशिकच्या इतिहासात या मुलांना अजून त्यांची जागा मिळालेली नाही, याचे मला वाईट वाटते.

या माणसांना मिशनने मान दिला का? थोडा दिला आणि लवकरच काढून घेतला. पश्चिम आफ्रिकेत हेच अधिक ठळकपणे घडले. सॅम्युएल अजायी क्राउदर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, आरमाराने सोडवला, सिएरा लिओनच्या फूरा बे कॉलेजात शिकला आणि १८६४ मध्ये कँटरबरीत बिशप झाला. योरुबा भाषेतले बायबल मुख्यतः त्याचे काम. पण पुढच्या पिढीच्या तरुण गोऱ्या मिशनरींनी १८९० मध्ये नायजर नदीकाठचा त्याचा कारभार अक्षरशः त्याच्या डोळ्यांदेखत मोडून काढला. तो दुसऱ्या वर्षी वारला आणि त्याच्या जागी युरोपीय बिशप आला. स्वतंत्र आफ्रिकी चर्चे उभी राहिली त्यामागे नवा सिद्धान्त कमी आणि हा अपमान जास्त आहे, असे माझे मत आहे.

त्या स्वतंत्र चर्चांत सायमन किंबांगूची गोष्ट मला सर्वांत हलवून टाकते. बेल्जियन काँगोतल्या न्कांबा गावचा हा बाप्टिस्ट धर्मशिक्षक १९२१ च्या एप्रिलमध्ये आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करू लागला. माणसे मळे आणि रेल्वेची कामे सोडून त्याच्याकडे धावली. सरकार घाबरले. सप्टेंबरात त्याला पकडले, लष्करी न्यायालयाने एकशेवीस फटके आणि फाशी सुनावली. बेल्जियमच्या राजाने फाशीची जन्मठेप केली. अवघ्या पाच-सहा महिन्यांचे त्याचे सेवाकार्य, आणि त्यानंतर तीस वर्षांचा तुरुंग, घरापासून शेकडो कोस दूर. १९५१ मध्ये तो तिथेच वारला. त्याने हत्यार उचलले नव्हते, मूर्तिपूजा आणि बहुपत्नीत्व सोडायला सांगितले होते, म्हणजे मिशनरी जे सांगत तेच. फक्त ते काळ्या माणसाने स्वतःच्या अधिकाराने सांगितले. हजारो अनुयायांना दूरदूरच्या भागांत हद्दपार केले गेले आणि ते जिथे गेले तिथे त्यांची मंडळी उभी राहिली. पत्नी मेरी म्विलू यांनी हे चर्च लपूनछपून जगवले. १९५९ च्या डिसेंबरात त्याला कायदेशीर मान्यता मिळाली आणि १९६९ मध्ये ते जागतिक चर्च परिषदेत दाखल झाले.

पुस्तकी धर्मशास्त्र याच सुमाराला बोलू लागले. केनियाच्या जॉन म्बिती यांचा 'आफ्रिकन रिलिजन्स अँड फिलॉसॉफी' हा ग्रंथ १९६९ चा. मिशनरी येण्यापूर्वी आफ्रिका देवाला ओळखत नव्हती, हे त्यांनी साफ नाकारले. पुढच्याच वर्षी जवळजवळ तीनशे जमातींच्या देवविषयक कल्पना गोळा करून त्यांनी दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले. नवा करार त्यांनी मूळ ग्रीकवरून स्वतःच्या किकाम्बा भाषेत उतरवला, तो अगदी उतारवयात. त्यांच्यावर आक्षेपही आहेत. सगळ्या आफ्रिकी परंपरांना त्यांनी ख्रिस्ती साच्यात बसवले, असे युगांडाचे कवी ओकोट प'बितेक यांच्यासारखे टीकाकार म्हणत, आणि ती टीका उडवून लावण्यासारखी नाही.

म्बितींच्या बरोबरीने मी एका निरक्षर बाईला ठेवतो. घानाच्या क्वाहू डोंगराळ भागातली आफुआ कुमा ही शेतकरीण आणि सुईण. जमातीच्या राजांची स्तुती गाण्याची जी जुनी रीत होती, त्याच रीतीने ती त्वी भाषेत येशूची स्तुती करी. कुणीतरी ती ध्वनिमुद्रित केली आणि १९८० च्या सुमारास छापली. तिचा येशू जंगलातला शिकारी आहे, राजांचा राजा आहे, अडलेल्या बाईची सुटका करणारा आहे. त्याची सत्ता तिला कळते ती साप, काळोख, बाळंतपण आणि उपासमार यांच्यासमोर. क्वामे बेदियाको या घानाच्या मोठ्या धर्मशास्त्रज्ञाने तिच्या प्रार्थना समोर ठेवून दाखवले, की धर्मशास्त्र लिहिता न येणारी माणसेही धर्मशास्त्र करत असतात. पुस्तकातला तिच्यावरचा लेख छोटा आहे, पण जपून वाचण्यासारखा आहे.

अर्थात संस्कृतीचा गौरव पुरेसा नाही, हेही आफ्रिकेतूनच सांगितले गेले. झां-मार्क एला हे कॅमेरूनचे धर्मगुरू. उत्तरेकडच्या टोकोंबेरे भागात, डोंगराळ शेतकऱ्यांत ते अनेक वर्षे राहिले. तिथे सरकार कापूस लावायची सक्ती करी आणि शेतकऱ्याच्या कणगीत बाजरी नसे. अशा ठिकाणी पूर्वजांची पूजा ख्रिस्ती उपासनेत कशी बसवावी यावर चर्चासत्रे भरवणे एलांना पटेना. कणगी रिकामी का, हाच त्यांच्या मते देवाविषयीचा पहिला प्रश्न होता. १९९५ मध्ये त्यांचे सहकारी एंगेलबर्ट म्वेंग यांचा खून झाला. एलांनाही धमक्या आल्या आणि त्यांना कॅनडात आश्रय घ्यावा लागला. ते तिथेच २००८ मध्ये वारले. घानाच्या मर्सी अम्बा ओदुयोये यांनी आणखी एक बाजू उघडी केली. चर्चच्या बाकांवर बहुसंख्येने बसलेल्या बायका व्यासपीठावर का नाहीत, आणि विधवांना छळणाऱ्या रूढींना 'आपली संस्कृती' म्हणून चर्च का जपते, हे त्यांनी विचारले. १९८९ मध्ये आक्रा इथे त्यांनी आफ्रिकी स्त्री-धर्मशास्त्रज्ञांचे मंडळ स्थापले. एड्सच्या साथीत आजाऱ्याला पापी ठरवणाऱ्या प्रवचनांना ठाम उत्तर याच बायकांनी दिले.

दक्षिण आफ्रिकेवर या ग्रंथाची सर्वाधिक पाने खर्ची पडली आहेत आणि ते योग्यच आहे. वर्णद्वेषाला तिथे नुसता चर्चचा पाठिंबा नव्हता, त्याचे धर्मशास्त्रच चर्चने घडवले. १८५७ मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चच्या धर्मसभेने ठरवले, की सगळ्यांनी एकत्र उपासना करणे हेच शास्त्राला धरून आहे, परंतु काहींच्या दुबळेपणामुळे वेगवेगळी उपासना चालवायला हरकत नाही. दुबळेपणा म्हणजे काळ्यांच्या शेजारी बसून प्रभुभोजन घ्यायला गोऱ्यांना वाटणारा संकोच. सवलत म्हणून दिलेली ही गोष्ट नियम झाली, १८८१ मध्ये वेगळे चर्च झाली आणि विसाव्या शतकात देवाची इच्छा झाली. बाबेलच्या बुरुजाच्या कथेतून असा अर्थ काढला गेला, की देवानेच माणसांना वेगळे केले, तेव्हा त्यांनी वेगळेच राहावे. १९४८ मध्ये वर्णद्वेषाचे सरकार सत्तेवर आणणारे पंतप्रधान मलान हे स्वतः एकेकाळी या चर्चचे पाळक होते.

२१ मार्च १९६० ला शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी निदर्शने करणारी एकोणसत्तर माणसे मारली. त्याच डिसेंबरात जोहान्सबर्गच्या कॉटस्लो इथे चर्चांची परिषद भरली. कुणालाही रंगावरून चर्चमधून वगळता येणार नाही, असा ठराव झाला आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या काही प्रतिनिधींनीही त्याला मान तुकवली. पंतप्रधान फर्वूर्ट यांनी डोळे वटारताच त्या चर्चच्या धर्मसभांनी ठराव झटकून टाकला. एक जण मागे हटला नाही. बायर्स नौदे. वडील ब्रूडरबाँड या गोऱ्या आफ्रिकानर लोकांच्या गुप्त संघटनेचे संस्थापक सदस्य, मुलगा त्याच संघटनेत वाढलेला, प्रतिष्ठित मंडळीचा पाळक, आणखी वर चढायला वाट मोकळी. १९६३ मध्ये त्याने ख्रिश्चन इन्स्टिट्यूट काढली. चर्चने सांगितले, हे काम किंवा पाळकपद, एक निवड. त्याने शेवटचे प्रवचन दिले आणि व्यासपीठ सोडले. १९७७ ते १९८४ तो सरकारी बंदीहुकुमाखाली होता. एका वेळी एकाच माणसाशी बोलायची परवानगी, छापून काही यायचे नाही, सभेला जायचे नाही. आपल्याच माणसांनी वाळीत टाकलेला हा पाळक काळ्यांच्या वस्तीत मात्र परका राहिला नाही.

१९८५ च्या जुलैमध्ये आणीबाणी जाहीर झाली. सोवेटोत काम करणारे काही धर्मगुरू, पाळक आणि साधे कार्यकर्ते बसून विचार करू लागले आणि सप्टेंबरात 'कैरोस दस्तऐवज' बाहेर आला. दीडशेहून अधिक जणांनी त्यावर सह्या केल्या. त्यात तीन धर्मशास्त्रे ओळखली आहेत. एक सत्तेचे, जे रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय दाखवून सरकारची आज्ञा पाळा म्हणते. दुसरे चर्चचे, जे दोन्ही बाजूंना समेट करायला सांगते, पण एका बाजूच्या हातात बंदूक आणि कायदा आहे हे सांगत नाही. तिसरे संदेष्ट्यांचे, जे अन्यायाला नाव घेऊन अन्याय म्हणते आणि पिडलेल्यांच्या बाजूला जाते. यातली धार पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर अधिक आहे आणि म्हणूनच तो दस्तऐवज आजही टोचतो. अँग्लिकन बिशप डेस्मंड टूटू यांनी त्यावर सही केली नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. चर्चच्या लोकांबद्दलची त्यातली भाषा त्यांना कठोर वाटली. या मतभेदाची मांडणी पुस्तकात दोन्ही बाजूंनी प्रामाणिकपणे झाली आहे.

टूटूंचे मोठेपण मला १९९६ च्या एप्रिलमध्ये अधिक दिसते. वर्णद्वेषाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाची पहिली सुनावणी ईस्ट लंडनला झाली. छळामुळे पंगू झालेला एक वृद्ध कार्यकर्ता साक्ष देत असताना टूटू टेबलावर डोके टेकून रडले. नंतर त्यांनी ठरवले, की पुन्हा असे रडायचे नाही, कारण लक्ष साक्षीदाराकडे असायला हवे. आयोगाने कबुलीच्या बदल्यात माफी दिली. पोलीस कोठडीत मारल्या गेलेल्या स्टीव्ह बिकोच्या घरच्यांनी त्या माफीला संविधान न्यायालयापुढे आव्हान दिले आणि ते हरले. क्षमा हा ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा असेल, पण ज्याचा मुलगा मारला गेला त्याच्या वतीने दुसऱ्याने क्षमा करावी का? बिकोच्या घरच्यांचा हा प्रश्न आयोगाच्या यशाच्या कहाण्यांत दबून जातो. मी तो दबू देणार नाही.

आज चित्र पुन्हा बदलते आहे. लागोसपासून नैरोबीपर्यंत समृद्धीचे आश्वासन देणारी प्रचंड चर्चे उभी राहिली आहेत. तिथे गरिबाला सांगतात, की दान दे, देव दुप्पट देईल. युगांडात २०२३ मध्ये समलैंगिकांविरुद्ध अतिकठोर कायदा झाला, तेव्हा अनेक चर्चप्रमुखांनी त्याचे स्वागत केले. आणि काँगोत २०१८ च्या निवडणुकीला कॅथलिक चर्चने सुमारे चाळीस हजार निरीक्षक पाठवले आणि जाहीर झालेला निकाल आपल्या नोंदींशी जुळत नाही, असे जाहीरपणे सांगितले. या तिन्ही गोष्टी एकाच काळातल्या आहेत.

शेवटी रवांडा. त्यावरचा लेख या पुस्तकाच्या मध्यावर आहे. १९५९ च्या उपवासकाळातही एक पत्र निघाले होते, रवांडाच्या स्विस बिशपचे. तोवर अल्पसंख्य तुत्सींना जवळ करणाऱ्या चर्चने तेव्हा आपले वजन बहुसंख्य हुतूंच्या पारड्यात टाकले. माणसाची जात ओळखपत्रावर लिहिणारे बेल्जियन सरकार आणि चर्च यांचा घरोबा जुना होता. पुढे देशाचे आर्चबिशप सत्ताधारी पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर वर्षानुवर्षे बसले. १९९४ मध्ये दहातले जवळजवळ नऊ रवांडावासी ख्रिस्ती होते. एप्रिल ते जुलै या शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे, बहुतेक तुत्सी, मारली गेली आणि त्यांतली कित्येक चर्चमध्येच, कारण पूर्वीच्या दंगलींत चर्चने वाचवले होते म्हणून ती तिथे आली होती. न्तारामात आणि न्यामातात चर्चच्या आत हजारोंना मारले. न्यांगेत तर आत आसरा घेतलेल्यांवर चर्चच बुलडोझरने पाडले गेले. तिथल्या धर्मगुरूला आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००८ मध्ये जन्मठेप दिली. २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या आणि त्याच्या माणसांच्या पापांबद्दल देवाजवळ क्षमा मागितली.

त्याच दिवसांत गिसेन्यी इथे फेलिसिते नियितेगेका ही हुतू सेविका तुत्सींना लपवून सरहद्दीपार पाठवत होती. तिचा भाऊ लष्करात अधिकारी होता. त्याने निरोप धाडला, की तू तिथून नीघ, मी तुला वाचवतो. आपल्या आसऱ्याला आलेल्यांना सोडून येणार नाही, असे तिने कळवले आणि ती त्यांच्याबरोबर मारली गेली.

वाचकांना एकच विनंती आहे. या ग्रंथातले लेख कोणत्याही क्रमाने वाचायला हरकत नाही. कुणी नाशिकपासून सुरुवात करील, कुणी टूटूंपासून. टोकोंबेरेचे शेत किंवा आफुआ कुमाची प्रार्थना वाचून थांबले तरी पुष्कळ मिळेल. पण रवांडावरचा लेख जड आहे म्हणून वगळू नये. श्रद्धा असणाऱ्याने तर मुळीच वगळू नये.